तीन थेंब, दिवसातून तीन वेळा

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘कानात तीन थेंब, दिवसातून तीन वेळा, सात दिवस.’ डॉक्टर ते वाचून दाखवतात, मेडिकलवाला खोक्यावर पेनानं तीन रेघा मारून देतो आणि पेशंट घरी जातो. ते थेंब टाकायचे कसे, टाकल्यावर ते जातात कुठे आणि मुळात त्या कानात काही घालायचं की नाही, याबद्दल एवढ्या व्यवहारात कुणी चकार शब्द काढत नाही. डोळ्यात औषध घातलं तर झोंबतं, निदान पडलं हे कळतं. कानाच्या भोकाच्या आत काय चाललंय हे आरशातही दिसत नाही. त्यामुळे बाटली उपडी केली, काहीतरी गार लागलं, म्हणजे औषध गेलं, असं आपण धरून चालतो.

एवढ्याशा कामावर ही अख्खी पुस्तिका कशाला, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. ओपीडीत बसणाऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरला तो पडणार नाही. ‘महागाचे ड्रॉप्स घातले, काही फरक नाही’ असं म्हणत येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आजार नीट ओळखलेला असतो, औषधही बरोबर असतं, पण ते आजारापर्यंत पोचलेलंच नसतं. काहींच्या बाबतीत उलटं होतं, औषध नको तिथपर्यंत पोचलेलं असतं. या दोन टोकांच्या मधेच या पुस्तिकेचा सगळा विषय बसतो.

त्यासाठी कानाची रचना थोडी माहीत हवी. बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. हाडावरची त्वचा अगदी पातळ असते, म्हणून तिथे साधा बड घासला तरी माणूस कळवळतो. नळीच्या टोकाला पडदा. तो करंगळीच्या नखाएवढा, सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाचा आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या पलीकडे मध्यकर्ण, तीन चिमुकली हाडं आणि तिथून नाकाच्या मागे उघडणारी एक नळी. पडदा शाबूत असेल तर बाहेरून टाकलेला थेंब पडद्यापाशी थांबतो. पलीकडे जात नाही.

आता घरोघरी घडणारी गोष्ट पाहू. पोराला सर्दी झाली, दोन दिवसांनी रात्री कान ठणकायला लागला, रडून रडून घर जागं. हा ठणका बहुतेक वेळा पडद्याच्या पलीकडचा असतो. लहान मुलांत नाक आणि कान जोडणारी ती नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीबरोबर संसर्ग सहज वर सरकतो, मध्यकर्णात पू साठतो आणि पडदा मागून ताणला जातो. अशा कानात घरातले जुने अँटिबायोटिक थेंब घालणं म्हणजे बंद दाराबाहेर औषध ठेवून येणं. त्या रात्री मुलाला हवं असतं ते वजनाप्रमाणे दिलेलं पॅरासिटामॉल आणि सकाळी डॉक्टर. कधी कधी पहाटे पू बाहेर येतो, उशी ओली होते आणि पोर एकदम शांत झोपतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात पडद्याला भोक पडून दाब उतरलेला असतो. असं भोक बहुतेकदा आपोआप भरून येतं. पण ते भरेपर्यंत त्या कानात काय घालायचं, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कितीतरी नाजूक झालेला असतो.

कारण पडद्याला भोक असेल तर थेंब मध्यकर्णात उतरतो आणि तिथून अंतःकर्णाकडे एक नाजूक पातळ खिडकी असते. जेंटामायसिन, निओमायसिन, फ्रामायसेटिन या जातीची औषधं तिथून आत झिरपली, तर ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या पेशी मारू शकतात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून फुटलेल्या, वाहत्या कानासाठी डॉक्टर सहसा सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ओफ्लॉक्सॅसिन या जातीचे थेंब देतात. त्यांच्यात हा धोका आढळलेला नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, दोन्हींवर ‘कानासाठी’ असंच छापलेलं. शेजारणीच्या मुलाला गुण आलेली बाटली आपल्या मुलाच्या कानात का घालू नये, याचं याहून ठोस कारण देता येणार नाही.

पडदा फुटलाय की नाही हे घरी खात्रीनं कळत नाही. त्यासाठी कानात प्रकाश टाकून पाहावंच लागतं. तरी काही खुणा असतात. कानातून बुळबुळीत, चिकट, तार सुटणारा स्राव येणं ही एक. बाहेरच्या नळीत चिकट श्लेष्मा तयारच होत नाही, तो मध्यकर्णातून येतो. दुसरी खूण पेशंट स्वतःच सांगतात, ‘थेंब घातले की घशात कडू लागतं.’ औषध कानातून घशात उतरलं याचा अर्थ मधे वाट मोकळी आहे. पूर्वी कानाचं ऑपरेशन झालेलं असणं, पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवलेली असणं, कानशिलात बसल्यापासून ऐकू कमी येणं, यापैकी काहीही असेल तर विचारल्याशिवाय एकही थेंब नको. मळ विरघळवणारे थेंब तर नकोतच.

पुस्तिकेतलं प्रत्यक्ष थेंब टाकण्याचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण सांगतो. पाचेक वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईला म्हटलं, घरी जसे टाकता तसे आत्ता टाकून दाखवा. तिनं मुलाला उभं ठेवलं, मान थोडी कलती केली, बाटली वीतभर उंचीवर धरली आणि दाबली. पहिला थेंब गार लागताच मुलानं खांदा उचलला, दुसरा गालावरून कॉलरमध्ये गेला, तिसरा कानाच्या वळ्यात साचला. तो सांडू नये म्हणून तिनं लगेच कापसाचा बोळा भोकात दाबून बसवला. कान बरा न होण्यात तिच्या कष्टांची काही कसूर नव्हती, ती तिन्ही वेळा न चुकता हे करत होती. औषधाचं खरं गिऱ्हाईक मात्र तो बोळा होता.

तर रीत अशी. आधी हात धुवायचे. बाटली मुठीत धरून एक-दोन मिनिटं कोमट करायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, उकळत्या पाण्यात तर नाहीच. दुधासारखं दिसणारं औषध असेल तर हलवून घ्यायचं. कान वाहत असेल तर आधी कोरडा करायचा. स्वच्छ, शोषून घेणाऱ्या सुती कापडाची वात करून ती भोकात हलकी ठेवायची, भिजली की काढायची, दुसरी घालायची, कोरडी निघेपर्यंत. आशाताईंना आणि अंगणवाडीत शिकवतात ती हीच वात. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवणं वेगळं आणि हे वेगळं. पुवाच्या थरावर टाकलेलं औषध पुवातच राहतं.

मग पेशंटनं कुशीवर झोपायचं, दुखरा कान वर. बसून, मान वाकवून काम भागत नाही. मोठ्या माणसाच्या आणि तीन वर्षांवरच्या मुलाच्या कानाचा वरचा भाग हलकेच मागे आणि वर ओढायचा, म्हणजे नागमोडी नळी सरळ होते. त्याहून लहान बाळाची नळी वेगळ्या कलाची असते, तिथे पाळी मागे आणि खाली ओढायची. थेंब मधोमध भसकन न टाकता नळीच्या भिंतीवरून ओघळू द्यायचे, कारण अरुंद तोंडाच्या बाटलीत भरभर पाणी ओतलं की जसं वरच अडतं, तसाच इथे आतल्या हवेचा बुडबुडा औषधाला अडवतो. ड्रॉपरचं टोक कानाला लावायचं नाही. लावलं की कानातले जंतू बाटलीत गेले. त्यानंतर एक छोटी युक्ती. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला जो कूर्चेचा उंचवटा असतो, तो बोटानं चार-पाच वेळा हलकेच दाबून सोडायचा. हवा बाहेर पडते, औषध आत सरकतं. पेशंटला ‘डुबुक’ असा आवाज येतो आणि तो आला की थेंब पोचला समजायचं. या एका दाबण्यानं जे साधतं, ते दोन थेंब जास्त टाकून साधत नाही. मग तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. दोन्ही कानांत औषध असेल तर तेवढा वेळ थांबून मगच कूस बदलायची. बोळा लावायचाच असेल तर भोकाच्या तोंडाशी, सैल.

बाळाच्या बाबतीत पाच मिनिटं हा फार मोठा काळ आहे, हे पुस्तिका लिहिणाऱ्यालाही माहीत असावं. दोन माणसं असली की सोपं जातं. एकानं मांडीवर आडवं घेऊन डोकं आणि हात धरायचे, दुसऱ्यानं थेंब टाकायचे. अंगावर पिणारं बाळ पाजता पाजता कुशीवर असतंच, वरचा कान आपसूक मिळतो. गाढ झोपेत टाकू नये. बाळ दचकतं आणि पुढच्या वेळेपासून झोपायलाच घाबरतं. मोठ्या मुलाला ‘काही होणार नाही’ असं खोटं सांगण्यापेक्षा ‘गार लागेल, मग डुबुक होईल’ असं सांगितलेलं बरं. ते पुढच्या वेळी स्वतःहून डुबुकची वाट बघतं.

बाटली कोमट करण्यावर एवढा भर का, याच्यामागे एक नोबेल पारितोषिक आहे. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी पेशंटचे कान पाण्यानं धूत असत. पाणी गार असलं की पेशंट गरगरल्याची तक्रार करत आणि त्यांचे डोळे एका लयीत झटके देऊ लागत. पाणी फार गरम झालं की डोळे उलट्या दिशेला जात. बारानींनी त्यातून ताडलं, की आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतलं द्रव तापमानातल्या फरकानं हलतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. या कामासाठी त्यांना 1914 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा पहिल्या महायुद्धातले कैदी म्हणून ते रशियनांच्या ताब्यात होते, पुढे स्वीडनच्या मध्यस्थीनं सुटले. तोल तपासण्यासाठी आजही हीच परीक्षा वापरतात. फ्रिजमधून काढून थेट कानात टाकलेला थेंब तीच परीक्षा घरी, न मागता घेतो. म्हातारं माणूस त्यानंतर लगेच उठलं तर पडायची भीती असते.

तेलाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरात हा विषय पुरा होत नाही. आयुर्वेदात कर्णपूरण सांगितलं आहे, बाळंतिणीच्या आणि बाळाच्या मालिशीत कानात तेलाचा थेंब ठरलेला असतो, लसणाची पाकळी टाकून कढवलेल्या तेलावर तर अनेकांची श्रद्धा आहे. आमच्या व्यवसायातले काहीजण हे ऐकताच कपाळाला हात लावतात. मला ते तितकंसं पटत नाही. कोरड्या, निरोगी, शाबूत पडद्याच्या कानात मोठ्या माणसानं कोमट तेलाचे दोन थेंब घातले, तर मळ थोडा मऊ होतो, नुकसान सहसा होत नाही. पण तेल लाभतं म्हणून बाळाच्या कानात रोज ओतायचं, वाहत्या कानात ओतायचं, किंवा कढईतून चमच्यानं थेट ओतायचं, याला माफी नाही. तेल किती तापलंय हे आजीच्या बोटाला कळतं, पण तिचं बोट वर्षानुवर्षं तव्याशी खेळलेलं असतं, बाळाच्या कानाची त्वचा तशी नसते. कानात अंगावरचं दूध पिळणं, हळदीचं पाणी, कांद्याचा रस, हे सगळं बंद. त्यात जंतूंना खाद्य मिळतं, कानाला काही मिळत नाही.

मळ हा आजार नाही, हे पुस्तिकेत ठासून सांगितलं आहे याचा मला आनंद आहे. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो, बुरशी आणि जंतू रोखतो आणि नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत येते तसा तिच्याबरोबर आपण होऊन बाहेर येतो. बड घालून आपण तो पुन्हा आत ठासतो. बडच्या पाकिटावर बहुधा ‘कानाच्या भोकात घालू नका’ असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मळ खरोखरच घट्ट बसला, दडे बसले, तर मऊ करणारे थेंब चार-पाच दिवस घालून मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा. हे थेंब घातल्यावर पहिल्या दोन दिवसांत कान आणखी बंद वाटतो, कारण मळ फुगतो. तेव्हा घाबरून पिन, किल्ली, काडेपेटीची काडी घेऊ नये. लाल पागोटं बांधून कान साफ करणाऱ्यांपुढे तर बसूच नये.

पावसाळ्यात कोकण-गोव्यात आणि मुंबईच्या दमट हवेत कानाला सुटणारी खाज हे बहुतेकदा बुरशीचं काम असतं. दुर्बिणीतून पाहिलं तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं दिसतं, त्यावर काळे ठिपके. इथे मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे थेंब दोन दिवस बरं वाटवतात आणि मग बुरशी दुप्पट जोमानं उठते. कान आधी साफ करून घ्यावा लागतो, क्लोट्रिमॅझोलसारखं औषध दोन-तीन आठवडे घालावं लागतं, खाज थांबली तरी. आणि कान कोरडा ठेवावा लागतो, म्हणजे विहिरीतल्या उड्या तेवढे दिवस बंद.

काही वेळा थेंब टाकणं हीच चूक असते. मुलानं कानात वाटाणा, हरभरा, चिंचोका घातला असेल तर पाणी किंवा पाण्यासारखे थेंब नकोत, दाणा फुगतो आणि अडकतो. जिवंत किडा आत वळवळत असेल तर मात्र, पडदा शाबूत असल्यास, कोमट खोबरेल तेलाचे थेंब टाकून तो मारता येतो. बाहेर काढायचं काम डॉक्टरांचं. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचावी : खेळण्यातला, रिमोटमधला किंवा घड्याळातला बटन सेल कानात गेला असेल तर कसलाही थेंब घालू नका. ओलावा मिळताच सेलमधून विद्युतप्रवाह सुरू होतो आणि आजूबाजूची त्वचा, कूर्चा, पडदा काही तासांत जळत जातो. ‘सकाळी बघू’ असं म्हणण्यासारखी ती गोष्ट नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.

बाटलीबद्दल थोडक्यात. डोळ्याचं औषध निर्जंतुक असतं, म्हणून डॉक्टर कधी कधी तेच कानात घालायला सांगतात. पण फक्त कानासाठी असलेलं औषध डोळ्यात कधीही घालायचं नाही, मळ मऊ करणारं तर नाहीच नाही. दोन बाटल्या एका डब्यात ठेवू नयेत, रात्री चष्मा न लावता हाताला येईल ती उचलू नये. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहावी आणि साधारण महिन्याभरानं, किंवा खोक्यावर सांगितलं असेल तेव्हा, उरलेलं टाकून द्यावं. छापलेली एक्स्पायरी न फोडलेल्या बाटलीची असते. एका बाटलीतून अख्ख्या घरानं थेंब घेऊ नयेत.

उरलेला विषय पुस्तिकेत नीट आला आहे, तो मी इथे पुन्हा उगाळत नाही. डोसांचे तक्ते पाठ करायची गरज नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवायचे असतात. धोक्याच्या खुणांचं पान मात्र फ्रिजवर लावावं. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणं, ताप उतरत नसणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, गरगरून उलट्या, अचानक ऐकू न येणं, मार लागल्यावर कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं. मधुमेह असलेल्या माणसाचा कान रात्रीची झोप उडवील इतका दुखत असेल, तर बाहेरून साधा दिसणारा तो संसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो. अशांनी थेंबांवर विसंबून आठवडा घालवू नये.

आणि वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या. पडदा शाबूत आहे का हे स्पष्ट विचारा, उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. मग त्यांना म्हणा, मी इथेच थेंब टाकतो, तुम्ही बघा. दोन मिनिटं लागतात. डॉक्टर घाईत असले तरी मागायला संकोच करू नका.